फुटव्याचें रान : तोड कशी करावी व वन्य जिवांस आसरा कसा राखावा

जुन्नर व आंबेगांव हे दोन तालुके पश्चिमेकडून पूर्वेकडे पाहत गेल्यास प्रत्येक तालुक्यांत जणूं दोन निराळे देश आहेत असें वाटतें. पश्चिमेस नाणेघाट, आहुपें, भीमाशंकर हा सह्याद्रीचा माथा. तेथें पावसाची झोड, थोडीं भाताचीं खाचरें आणि बाकी सारी वरकस उतरण. भीमाशंकरास तर सालीना शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस नारायणगांव, मंचर, ओतूर या बाजूंस कुकडी व घोड यांच्या खोऱ्यांतील धरणांचें पाणी, ऊंस, कांदा, टोमॅटो, द्राक्षें. बागाईत पिकांविषयीं या मासिकांत वेळोवेळीं लेख येतात, वरकसाविषयीं क्वचितच. ज्या जमिनींतून पैसा येत नाहीं तिच्याविषयीं लिहावयाचें काय, असा आपला समज असावा. प्रस्तुत लेखांत याच जमिनीवर आपोआप उठत असलेल्या फुटव्याच्या रानाचा विचार केला आहे. तें रान कसें तोडावें म्हणजे घरास लांकूडफांटा मिळून रानांतील पशुपक्ष्यांचाहि आसरा मोडणार नाहीं, एवढाच प्रश्न येथें घेतला आहे.

पूर्वीं वरकसावर नाचणी, वरई, सावा हीं पिकें दोनतीन वर्षें घेऊन जमीन पुढें कांहीं वर्षें पड टाकण्याची वहिवाट होती. पीक घेण्यापूर्वीं झाडें तोडीत, टहाळ जाळीत. पण बुंधे खणून काढीत नसत. आतां घरांतील तरुण मंडळी मुंबई-पुण्यास गेली, किंवा नारायणगांवच्या बाजूस भाजीपाल्याच्या कामावर जाऊं लागली. नाचणीसाठीं डोंगर चढणारे हात उरले नाहींत. त्यामुळें पुष्कळ उतरणी वर्षानुवर्षें पडच आहेत, आणि त्या जुन्या बुंध्यांतून ऐन, किंजळ, जांभूळ, आवळा, धावडा, कोठें कोठें साग, असे फुटवे वर आले आहेत. बियांपासून उगवलेलें रोप पहिल्या पावसाळ्यांत वितीभर होतें. खुंटाचा फुटवा पुरुषभर होऊं शकतो. कारण उघड आहे. रोपास आपलें मूळ नव्यानें घालावें लागतें, आणि फुटव्याच्या पाठीशीं जुन्या झाडाचें खोल गेलेलें मूळ आयतें उभें असतें. ही जी आयती पुंजी आहे तिचा विनियोग कसा करावयाचा हें मालकानें ठरवावयाचें असतें.

बहुतेक ठिकाणीं तो विनियोग ठेकेदार ठरवितो. प्रस्तुत लेखकाच्या घरची घोडेगांवच्या पश्चिमेस अशी सोळा एकर उतरण आहे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं तिच्यांतील चार एकर रान कोळशासाठीं एका ठेकेदारास सरसकट तोडावयास दिलें. रक्कम हातीं आली ती एका लग्नांत संपली. तोड झाली ती वैशाखांत, बोथट कुऱ्हाडींनीं, आणि वांकावयास नको म्हणून गुडघ्याइतक्या उंचीवर. खुंट चिरफळले, साल सुटली. पावसाबरोबर जे फुटवे आले ते शेळ्यांनीं खाल्ले. दुसऱ्या उन्हाळ्यांत वणवा लागला. तिसऱ्या वर्षापासून घाणेरी वाढूं लागली. आज त्या चार एकरांत माणसास शिरतां येत नाहीं, आणि गुरास तोंड घालण्याजोगें कांहीं नाहीं. त्या तोडीपूर्वीं ओढ्याकांठच्या आंब्यावर शेकरूचीं घरटीं असत. पुढें दोन वर्षें तें जनावर ओढ्याच्या एकाच कांठावर दिसे, नंतर दिसेनासें झालें. ठेकेदारास दोष देऊन उपयोग नाहीं. करारांत तोड कशी करावी याविषयीं एक अक्षरहि आम्हीं घातलें नव्हतें. पुढें जें लिहिलें आहे तें बरेंचसें या चुकीनें शिकविलेलें आहे.

शेकरूं कां गेलें हें आधीं समजून घेतलें पाहिजे, कारण त्यांतच रान राखण्याची अर्धी विद्या आहे. शेकरूं हें महाराष्ट्राचें राज्यप्राणी म्हणून ठरविलेलें जनावर. भीमाशंकरचें अभयारण्य १९८५ सालीं जाहीर झालें तेव्हां त्याचें रक्षण हा एक मोठा हेतु होता. नाकापासून शेंपटीच्या टोकापर्यंत हें सुमारें तीन फूट भरतें. झाडावरून झाडावर वीस फुटांपर्यंत झेप घेतें, पण जमिनीवर उतरण्यास फार नाखूष असतें. म्हणजे दोन झाडांच्या शेंड्यांत वीस फुटांहून अधिक अंतर पडलें कीं तें रान त्याच्या दृष्टीनें तुटलें. तें डहाळ्या व पानें यांचें गोल घरटें उंच झाडाच्या बारीक फांद्यांत बांधतें, आणि एकच नव्हे तर अनेक घरटीं राखतें. भीमाशंकरच्या रानांत रेने बोर्जेस या विदुषींनीं त्याच्या आहाराचा पुष्कळ अभ्यास केला आहे. फळें, बिया, फुलें, कोंवळीं पानें आणि प्रसंगीं झाडाची सालसुद्धां तें खातें. एका जातीच्या झाडावर त्याचें साल निघत नाहीं. म्हणून सागाचें किंवा निलगिरीचें एकजात लावलेलें रान कितीहि दाट दिसलें तरी शेकरूस तें उपासाचें घर होय.

इतर जिवांच्या गरजा निराळ्या आहेत, कांहीं तर अगदी उलट आहेत. ससा व तित्तर यांस उघडी, गवताळ, नुकती तोडलेली जागा आवडते. भेकरास दिवसा लपावयास दाट झुडूप आणि सकाळ-संध्याकाळ कोंवळे फुटवे खावयास मोकळी कड लागते. रानकोंबडा झुडपाच्या पायथ्याशीं पालापाचोळा उकरतो. धनेशास जुन्या झाडाची ढोली पाहिजे. मादी तिच्यांत स्वतःस कोंडून घेऊन अंडीं उबविते आणि नर बाहेरून फटींतून चारा पुरवितो. ढोली नसेल तर धनेशाची पैदास नाहीं. पिंगळा व घुबड यांसहि ढोली लागते, आणि हे पक्षी उंदीर किती मारतात हें भाताच्या खळ्याजवळ राहणाऱ्यास सांगावयास नको. आपली सातेरी मधमाशीसुद्धां अशाच पोकळींत पोळें बांधते. तेव्हां सगळें रान एका वयाचें असलें, मग तें सगळें कोंवळें असो वा सगळें जून असो, तर यांपैकीं निम्म्यांची सोय होत नाहीं. एकाच उतरणीवर निरनिराळ्या वयाचें रान पाहिजे, आणि त्यांतून उंच झाडांचा अखंड मांडव गेला पाहिजे.

हें साधावयाचें कसें? आमच्या उतरणीवर वांचलेल्या बारा एकरांचा हिशेब देतों. ज्याची जमीन कमीअधिक असेल त्यानें त्या मानानें बदल करावा. ओढ्याच्या दोन्ही कांठांवरील मिळून दोन एकर पट्टा कायमचा राखला. त्यांत कुऱ्हाड घालावयाची नाहीं. उरलेल्या दहा एकरांचे दोनदोन एकरांचे पांच कूप पाडले. हे कूप उतरणीला आडवे पाडले आहेत, उभे नाहींत. उभा पट्टा तोडला म्हणजे पहिल्या मुसळधार पावसांत त्याचाच ओहळ होतो, आणि माती खालीं धरणाच्या जलाशयांत जाऊन बसते. दर चार वर्षांनीं एक कूप तोडावयाचा, म्हणजे वीस वर्षांनीं पुन्हा पहिल्या कुपाची पाळी येते. तोडीचा क्रम ओळीनें ठेवूं नये. पहिल्यानंतर तिसरा, मग पांचवा, मग दुसरा, मग चौथा असा ठेवावा, म्हणजे तोडलेल्या कुपास लागून बहुधा वाढलेलें रान राहतें, आणि भेकरास चरण्याची जागा व पळून लपण्याची जागा फार दूरदूर पडत नाहीं.

प्रत्येक कुपांत सर्वच झाडें तोडावयाचीं नाहींत. एकरीं वीसपंचवीस झाडें उभीं राखावीं. कोणतीं राखावीं याविषयीं मात्र आपली जुनी दृष्टि बदलली पाहिजे. सरळ, सोटासारखें, इमारती लांकडाचें झाड तेवढें राखावें आणि वांकडें, पोकळ, गांठाळ तोडावें, असें आपण करतों. वन्य जिवांच्या दृष्टीनें वांकडें व पोकळ झाडच मोलाचें. शिवाय त्याला बाजारांत भावहि नसतो, तेव्हां तें राखण्यांत मालकाचें नुकसान तें कितीसें? एकरीं दोनतीन वाळलेले बुंधेहि उभे सोडावे. सुतारपक्षी त्यांत भोंकें पाडतो व पुढें दुसरे पक्षी त्या भोंकांत घर करतात. मात्र वाटेच्या किंवा गोठ्याच्या अंगावर पडेल असा बुंधा ठेवूं नये.

राखावयाच्या झाडांत फळझाडांचा मान पहिला. निवड करतांना वर्षाचे बारा महिने डोळ्यांपुढें धरावे. माघ-फाल्गुनांत पळस, पांगारा व सावर यांच्या फुलांवर मैना, बुलबुल, वानरें यांची गर्दी असते. वैशाख-ज्येष्ठांत करवंद, तोरण, जांभूळ, आंबा. कार्तिकापासून पौषापर्यंत आवळा व बेहडा यांचीं खालीं पडलेलीं फळें भेकरें व सांबरें वेंचून खातात. मधल्या तुटीच्या दिवसांत उंबर उपयोगी पडतो, कारण सगळे उंबर एका वेळीं पिकत नाहींत. शिवारांत चारपांच असले तर कोणता ना कोणता फळलेला सांपडतो. म्हणून उंबर, वड, पिंपरी यांस कोणत्याहि कुपांत हात लावूं नये. करवंदीची जाळीहि कांटा म्हणून सरसकट जाळूं नये. तिच्या आडोशानें उगवलेलें आंब्याचें वा जांभळाचें रोप शेळीच्या तोंडांतून वांचतें. अशीं किती झाडें जाळीनें वाढवून दिलीं याची कोणी मोजदाद केली नाहीं, पण डोंगरावर फिरणाऱ्यास तीं जागोजाग दिसतात.

हिरड्याविषयीं उपदेशाची गरज नसावी. पश्चिम आंबेगांव व पश्चिम जुन्नर येथील महादेव कोळी कुटुंबांस बाळहिरडा वेंचून वाळवून विकणें हें रोख पैशाचें एक मुख्य साधन आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानें या भागांतील हिरड्याचें मोठें नुकसान केलें, आणि एक जुनें झाड पडलें म्हणजे घराचें काय जातें हें तेव्हां सर्वांस दिसलें. हिरड्याच्या नव्या रोपास फळावर येण्यास बरींच वर्षें लागतात. तेव्हां कुपांत आढळणारें हिरड्याचें प्रत्येक तरणें झाड पुढच्या पिढीच्या नांवावर राखून ठेवावें.

आतां तोडीच्या कृतीविषयीं. तोडीचा हंगाम पौषापासून फाल्गुनापर्यंत. या दिवसांत बहुतेक झाडांचा पाला झडलेला असतो, मुळांत अन्न सांठलेलें असतें, आणि बहुतेक पक्ष्यांचीं घरटीं अजून लागलेलीं नसतात. चैत्रापासून तीं लागूं लागतात. बुंधा जमिनीपासून चार ते सहा इंचांवर तोडावा. कुऱ्हाड धारदार पाहिजे व घाव खालून वर न घालतां तिरपा घालावा, म्हणजे साल सुटत नाहीं. खुंटाचा माथा एका बाजूस उतरता व गुळगुळीत असावा. खळगा राहिल्यास पावसाचें पाणी सांचून खुंट कुजतो. उंच तोडलेल्या खुंटास वरच्या अंगाला फुटवे येतात. ते जोरांत वाढलेले दिसले तरी वाऱ्यानें बुंध्यापासून उचकटतात. जमिनीलगतच्या फुटव्यास पुढें स्वतःचीं मुळें फुटूं शकतात. तोडलेला माल फुटवे दिसूं लागण्यापूर्वीं हलवावा, नाहीं तर ओढतांना कोंब मोडतात. बारीक काटक्यांचे चारदोन ढीग मात्र कुपाच्या कडेस तसेच सोडावे. मुंगूस, सरडे व लहान पक्षी त्यांत आश्रय घेतात, आणि दोन पावसाळ्यांत ते कुजून खत होतात.

दुसऱ्या हिंवाळ्यांत विरळणी करावी. एका खुंटावर दहाबारा धुमारे असतात; त्यांतील निरनिराळ्या बाजूंचे, जमिनीलगतचे, जोमदार असे दोनतीन ठेवून बाकीचे कोयत्यानें काढावे. हें काम पुष्कळ जण टाळतात आणि मग रान झाडूसारखें बारीक राहिलें म्हणून कुरकुरतात. काढलेल्या काठ्या फुकट जात नाहींत. कुंपणास त्या चालतात, आणि पुढच्या विरळणीच्या जाड काठ्या टोमॅटोच्या आधारास उपयोगी पडतात. टोमॅटोच्या बागा तर आपल्याच तालुक्याच्या पूर्व भागांत आहेत.

कारवीची गोष्ट थोडी निराळी आहे. ती बहुधा आठ वर्षांतून एकदां फुलते आणि बी धरून मरते. प्रत्येक डोंगराची पाळी मात्र निराळी असूं शकते. कुडासाठीं कारवी तोडावयाची तर फुलून वाळल्यावर तोडावी. फुलण्याच्या आधींच्या वर्षीं तोडली तर आठ वर्षांचें बी गेलें व मधमाश्यांचा मोठा हंगामहि बुडाला.

आपल्याकडे रानाची सर्वांत मोठी तोड कोळशानें होते असें म्हणतात. पण घरोघरीं दरसाल होणारी राबाची तोड विसरतां येत नाहीं. भाताची दाढ भाजण्यासाठीं ऐन-किंजळाच्या फांद्या दरवर्षीं खरवडून नेल्या म्हणजे झाड खांबासारखें उभें राहतें. त्याला ना फूल ना फळ, ना घरट्यास जागा. राब अगदी सोडा म्हटल्यानें कोणी सोडणार नाहीं. पण एका झाडावरील टहाळ दर तिसऱ्या वर्षीं घ्यावा, शेंडा व वरचा तिसरा भाग कधींच तोडूं नये, आणि उंबर-हिरड्यास हात लावूं नये, एवढें पथ्य सहज पाळतां येतें. डॉ. नारायण सावंत यांनीं प्रचारांत आणलेल्या चारसूत्री भातशेतींत रोपवाटिकेंत भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात व खाचरांत गिरिपुष्पाचा पाला घालतात. बांधावर गिरिपुष्पाची रांग लावली तर रानावरचा भार बराच कमी होतो, हा अनुभव आहे.

आमच्या जुन्या लोकांनीं न तोडतां राखलेल्या रानाचा नमुना पाहावयाचा तर आहुप्याची देवराई आहे. १९७० नंतरच्या दशकांत माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनीं सह्याद्रींतील देवरायांचा अभ्यास करून त्यांचें महत्त्व विद्वानांच्या नजरेस आणलें. शेतकऱ्याच्या दृष्टीनें देवराई ही बियांची कोठी होय. तेथून पक्षी, वटवाघळें, उदमांजरें बीं आणतात तेव्हांच आपल्या फुटव्याच्या रानांत नवीन जाती शिरतात. नुसत्या खुंटांवर राहिलें तर जें पूर्वीं होतें तेंच परत येतें, आणि म्हातारे खुंट मरूं लागले कीं तेंहि येत नाहीं. म्हणून ज्याची उतरण देवराईच्या किंवा अभयारण्याच्या बाजूस असेल त्यानें कायमचा राखीव पट्टा त्या दिशेस जोडून ठेवावा.

इंग्लंडांत फुटव्याचीं रानें पाळीनें तोडण्याची विद्या फार पुरातन आहे. सफोक परगण्यांतील ब्रॅडफील्ड येथील रान इ. स. १२५२ पासून अशा रीतीनें तोडलें जात आलें आहे. तेथें हेझलचीं झुडपें सातदहा वर्षांनीं तोडतात; कोंवळ्या दाट फुटव्यांत नाइटिंगेल पक्षी घरटीं करतो आणि उजेड मिळाल्यानें रानफुलें व फुलपांखरें वाढतात. म्हणून तेथील निसर्गरक्षक संस्था बंद पडलेली तोड पुन्हा सुरू करा असें सांगतात. हें वाचून आपल्याकडेहि भराभर तोड केल्यानें वन्य जीव वाढतील असें कोणी समजूं नये. त्यांच्याकडे पाऊस रिमझिम, आपल्याकडे चार महिन्यांत डोंगर धुवून काढणारा. त्यांच्याकडे उजेड मिळतांच रानफुलें येतात, आपल्याकडे घाणेरी व रानमोडी येते. आणि शेकरूं व धनेश यांच्यासारखे उंच झाडांचे रहिवासी त्यांच्या त्या झुडपी रानांत नाहींत. विद्या घ्यावी, पण मुदत व माप आपलें असावें.

घाणेरीचा उल्लेख आला म्हणून सांगतों कीं ती नुसती वरून छाटणें म्हणजे तिला खत घालण्यासारखें आहे; एकाच्या जागीं दहा धुमारे फुटतात. मुख्य मूळ जमिनीखालीं एकदोन इंचांवर तोडून झुडूप उपटावें व उलटें करून वाळत ठेवावें. तिला फळ धरण्यापूर्वीं हें काम व्हावें, कारण बुलबुल तीं फळें खाऊन बीं सर्वत्र टाकतात. लागोपाठ तीन वर्षें केल्यावांचून ती जात नाहीं. आमच्या त्या चार एकरांपैकीं एक एकर अशा रीतीनें मोकळा झाला आहे. बाकीचा अद्याप तसाच आहे.

तोडलेल्या कुपांत चार ते पांच वर्षें शेळ्या जाऊं देऊं नयेत. गवत कापून नेण्यास हरकत नाहीं. गांवांत सर्वांचीं जनावरें एकत्र चरतात, तेव्हां हें एकट्यानें साधत नाहीं. शेजाऱ्यांशीं बोलून एका वेळीं एकाच अंगाचे कूप बंद ठेवावे व दुसरें अंग मोकळें ठेवावें, म्हणजे तंटा होत नाहीं. वणव्याविषयीं, गवत जाळल्यानें पुढच्या वर्षीं चारा चांगला येतो ही समजूत अजून फार आहे. जळालेल्या डोंगरावर हिरवा कोंब लौकर दिसतो एवढेंच. त्याखालची माती दरसाल पातळ होत जाते, फुटवे करपतात, आणि जमिनीवर घरटीं करणाऱ्या पक्ष्यांची त्या वर्षाची वीण जाते. माघाच्या आंत कुपांभोंवतीं दहाबारा फूट रुंदीची जाळरेषा गवत काढून करावी.

आतां ज्या प्रश्नासाठीं पुष्कळ वाचक हा लेख वाचीत असतील त्याकडे वळूं. रान वाढविलें तर बिबट्या वाढेल काय? किंवा उलट, डोंगरांत रान व भक्ष्य वाढलें तर ऊंसांतला बिबट्या डोंगरांत परत जाईल काय? दोन्ही बाजूंनीं आशा व भीति यांचा अतिरेक होतो. ऊंसांत ज्यांच्या पिढ्या वाढल्या त्या बिबट्यांस ऊंस हेंच घर आहे. शेजारच्या अकोलें तालुक्यांत झालेल्या अभ्यासांत त्यांच्या भक्ष्यांत सर्वांत मोठा वांटा कुत्र्यांचा आढळला. तेव्हां पश्चिमेस भेकरें वाढलीं म्हणून नारायणगांवचा बिबट्या तिकडे चालूं लागेल, असें आश्वासन कोणी देऊं नये. पकडून दूर नेऊन सोडण्याचा प्रयोगहि होऊन गेला आहे. विद्या अत्रेय व त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाप्रमाणें जुन्नर भागांत १९९३ ते २००१ या काळांत माणसांवर वर्षास सरासरी ४ हल्ले होत. बिबटे पकडून दुसरीकडे सोडूं लागल्यावर, २००१ ते २००३ या काळांत, ते १७ पर्यंत गेले. ज्यांच्या घरचें माणूस गेलें त्यांच्यापुढें असे आंकडे मांडतांना संकोच वाटतो. पण उपाय शोधतांना ते डोळ्यांआड करून चालणार नाहीं.

डोंगराच्या बाजूस आपल्या हातीं एवढें आहे कीं तेथील भक्ष्य, म्हणजे भेकर, ससा, रानडुक्कर, टिकून राहावें, म्हणजे तेथें आज असलेल्या बिबट्यास गोठ्याकडे वळण्याचें कारण कमी राहील. आणि रान कोठें राखावें याबरोबर कोठें राखूं नये हेंहि ठरवावें. घर, गोठा, शाळेची वाट व पाणवठा यांच्या भोंवतीं शंभर पावलांत दाट झुडूप ठेवूं नये. तेथें मोठीं झाडें असावींत, पण त्यांच्या खालून पलीकडचें दिसलें पाहिजे. शेळ्यांस रात्रीं चारी बाजूंनीं व वरून बंद असा गोठा पाहिजे, आणि मेलेलें जनावर वस्तीजवळ टाकूं नये.

रानडुकरांचें व वानरांचें नुकसान खरें आहे, तें नाकारण्यांत अर्थ नाहीं. डुक्कर दिवसा घाणेरींत पडून राहतें व रात्रीं भुईमूग उकरतें. रान व शेत यांच्यामध्यें तीसचाळीस फुटांची मोकळी गवताळ पट्टी ठेवल्यास त्याला उघड्यावरून यावें लागतें, आणि राखणदारास तें दिसतें. नुकसान झाल्यास वनखात्याकडे ताबडतोब कळवून पंचनामा करून घ्यावा. भरपाईची तरतूद आहे, मात्र उशीर झाल्यास ती हातची जाते. फांस लावणें किंवा कुंपणांत वीज सोडणें हा १९७२ च्या वन्यजीव कायद्यान्वयें गुन्हा आहे, आणि अशा तारेनें शेजारचें पोर मरण्याचा धोका असतो तो वेगळाच.

यंदा ज्यांस पहिला कूप घ्यावयाचा असेल त्यांनीं मार्गशीर्षांत, पाला झडण्यापूर्वीं, रानांत जाऊन झाडें ओळखून घ्यावीं. पाला गेल्यावर ऐन व किंजळ यांत नवशिक्याची फसगत होते. राखावयाच्या झाडांस छातीच्या उंचीवर गेरूचा पट्टा ओढावा आणि मजुरांस तो प्रत्यक्ष दाखवावा. मालकीची जमीन असली तरी १९६४ च्या झाडें तोडण्याविषयींच्या राज्य कायद्याप्रमाणें हिरडा, साग, मोह, ऐन, किंजळ, जांभूळ, आंबा इत्यादि झाडांस परवानगीवांचून कुऱ्हाड लावतां येत नाहीं. अभयारण्यालगतच्या गांवांस त्याहून अधिक निर्बंध आहेत. म्हणून सातबाराचा उतारा व खुणा केलेल्या झाडांची यादी जोडून अर्ज दिवाळीनंतर लगेच करावा. माघाच्या आरंभीं परवाना हातीं असला म्हणजे फाल्गुनाच्या आंत तोड पुरी होते. ठेकेदाराशीं करार करावयाचा असल्यास तोडीची उंची, राखीव झाडांची संख्या, ओढ्याचा पट्टा आणि माल हलविण्याची शेवटची तारीख या चार गोष्टी त्यांत लेखी घालाव्या, व रकमेचा शेवटचा हप्ता कूप पाहून झाल्यावरच चुकता धरावा.